कोंबडीच्या गर्भाचं हृदय डावीकडे दिसलं तर: डावं-उजवं ठरतं कसं आणि ओळखायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या मुलांनी कोंबडीची अंडी साधारण ४५ तास उबवून उघडली. बारा गर्भ हाती लागले आणि त्यांतल्या तिघांची हृदयनळी डावीकडे फुगलेली दिसली. पुस्तकात ती उजवीकडे वळते असं लिहिलंय. मग हे तीन गर्भ उलटे आहेत का? आणि मुळात गर्भाला डावं कोणतं, उजवं कोणतं हे कळतं कसं?

तिन्ही गर्भ बहुधा सरळच आहेत. ताज्या, नीट उबवलेल्या अंड्यांत हृदय डावीकडे वळलेला गर्भ क्वचित सापडतो. बारांत तीन दिसले की आधी संशय घ्यायचा तो बघण्याच्या पद्धतीवर.

अंड्यात गर्भ पिवळ्या बलकावर पालथा असतो, म्हणजे पाठ वर आणि पोट बलकाकडे. कवचाला खिडकी पाडून वरून पाहिलं आणि डोकं आपल्यापासून लांब ठेवलं, तर गर्भाची उजवी बाजू आपल्याही उजव्या हाताला येते. हृदयाचा फुगवटा डोक्याच्या मागच्या भागाशेजारी उजवीकडे डोकावताना दिसतो. हाच गर्भ बलकावरून कापून वॉच ग्लासमध्ये (उथळ काचेच्या बशीत) घेताना पालटला की पोट वर येतं आणि तोच फुगवटा आपल्या डाव्या हाताला जातो. बारांपैकी काही गर्भ सरळ उचलले गेले, काही उलटले, असं वर्गात हमखास होतं, कारण उचलताना कोणी नोंद ठेवत नाही.

सूक्ष्मदर्शकावर मात्र उगाच खापर फोडू नका. साध्या कंपाउंड मायक्रोस्कोपमध्ये प्रतिमा उलटी दिसते हे खरं, पण ती १८० अंशांत फिरलेली असते. वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे, दोन्ही एकदम. गर्भाचं डोकं धरून डावं-उजवं मोजलं तर उत्तर बदलत नाही. स्टिरिओ मायक्रोस्कोपमध्ये तर प्रतिमा सरळच असते. खरा दगा देतो तो कॅमेरा. संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये आडव्या फ्लिपच्या चौकटीवर कोणीतरी टिक करून ठेवलेली असते आणि सगळे फोटो आरशातले निघतात.

यावर उपाय एका पेन्सिलीचा आहे. फिल्टर पेपरचं चौकोनी कडं कापा, मधलं भोक ८ ते १० मिमीचं. वरच्या बाजूला पेन्सिलीने ‘पाठ’ असं लिहा आणि डोक्याच्या दिशेची कड तिरकी कापा. हे कडं अंड्यातच गर्भाभोवती पटलावर टेकवा, कडेने गोल कापा आणि चिमट्याने उचला. ‘पाठ’ वाचता येत असेल तर पाठ तुमच्याकडे आहे. अक्षरं खाली गेली असतील तर पोट तुमच्याकडे आहे. फोटोत अक्षरं आरशातली दिसली तर फ्लिप चालू आहे. शाई वापरू नका, ती सलाइनमध्ये पसरते.

कपाटातल्या तयार स्लाइड्सवर ३३ किंवा ४८ तास एवढंच लिहिलेलं असतं, गर्भ कोणत्या बाजूने बसवलाय ते नसतं. तिथे फोकसवरून ओळखा. १० एक्सवर फोकस अगदी वरून सुरू करून हळूहळू खाली न्या. आधी हृदय आणि पुढच्या आतड्याच्या दाराची कमान स्पष्ट झाली तर पोट वर आहे. आधी चेतानलिका (पाठीलगतची, पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी) आणि सोमाइट (तिच्या दोन्ही बाजूंचे ठोकळ्यांसारखे जोडीचे पुंजके) दिसले तर पाठ वर आहे. हे केल्याशिवाय स्लाइडवरून डावं-उजवं सांगू नये, परीक्षेतसुद्धा.

वेळ कोणती निवडायची यालाही महत्त्व आहे. कोंबडीच्या गर्भाच्या वाढीच्या अवस्था मांडणाऱ्या हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांच्या १९५१ च्या तक्त्याप्रमाणे १० व्या अवस्थेत (३३ ते ३८ तास, दहा सोमाइट) नळी उजवीकडे किंचित झुकते आणि ठोके सुरू होतात. ११ व्या अवस्थेत (४० ते ४५ तास, तेरा सोमाइट) वळण कोणालाही दिसेल इतकं ठळक होतं. १२ व्या अवस्थेपासून डोकं डाव्या कुशीवर वळायला लागतं. १४ व्या अवस्थेत, म्हणजे पन्नास तास उलटल्यावर, पुढचं शरीर डाव्या कुशीवर निजलेलं आणि मागचं अजून पालथं असतं. अशा गर्भात ‘वर पाठ की पोट’ हा प्रश्नच नीट विचारता येत नाही. त्या वयात दुसरी खूण घ्या: डोकं लांब ठेवून वरून पाहिलं तर एकच डोळा आणि हृदय आपल्या उजव्या हाताला आणि पाठ डाव्या हाताला असायला हवी. हृदयाच्या वळणाचा निकाल लावायचा असेल तर १० ते १६ सोमाइटांमध्येच लावा.

सोमाइट मोजा, तास मोजू नका. सोलापुरात तर हे जास्तच लागू आहे. वीज दोन तास गेली की इनक्युबेटर थंड होतो आणि वाढ मागे पडते. ४५ तासांचा म्हणून काढलेला गर्भ त्याहून लहान वयाचा निघतो. खालच्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या चार-पाच बाटल्या ठेवल्या तर तापमान इतकं पटकन उतरत नाही. पंख्याच्या इनक्युबेटरमध्ये ३७.५ ते ३८ अंश ठेवा, आर्द्रता ५५ ते ६० टक्के. तीन दिवसांच्या आत काढायची अंडी फिरवायची गरज नाही. ती आडवी ठेवा, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा, आणि गर्भ त्या खुणेखालीच येतो.

त्याहून मोठी अडचण इनक्युबेटरच्या बाहेरची आहे. अंड्यातल्या गर्भाची वाढ साधारण २०-२१ अंशांच्या खाली थांबलेली असते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो. हॅचरीतून दुपारी दुचाकीवर आणलेली आणि दोन दिवस प्रयोगशाळेच्या टेबलावर पडलेली अंडी धड थांबलेली नसतात, धड वाढतही नाहीत. वाढ रखडत, वाकडीतिकडी होते आणि बरेच गर्भ इनक्युबेटरमध्ये जाण्याआधीच मरतात. अंडी सकाळी लवकर आणा, १५ ते १८ अंशांत ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा. ओल्या पोत्याचा गारवा चालेल, पण कवच ओलं होऊ देऊ नका, छिद्रांतून जंतू आत जातात. किराणा दुकानातली पांढरी अंडी तर मुळीच चालत नाहीत. अंड्यांसाठीच्या लेअर फार्मवर कोंबडेच नसतात, त्यामुळे ती फलित नसतात. गावरान अंडी फलित असू शकतात, पण ती किती दिवसांची आहेत हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

खिडकी पाडण्याआधी रुंद टोकाकडून १८ गेजच्या सुईने २ ते ३ मिली पांढरं काढून घ्या. सुई तिरकी, खालच्या कवचाला घासून न्यायची, नाहीतर बलक फुटतो. पांढरं कमी झालं की गर्भ कवचापासून खाली सरकतो आणि कापताना वाचतो. सलाइनसाठी लिटरभर ऊर्ध्वपातित पाण्यात ७.२ ग्रॅम मीठ, ०.३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि ०.१७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला, आणि ते ३८ अंशांपर्यंत कोमट करून वापरा. बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या बोअरमध्ये आधीच इतके क्षार असतात की ही मापं निरर्थक ठरतात.

हे सगळं काटेकोर करूनही एखादा गर्भ उलटा निघाला, तर हृदयाचं वळण आणि डोक्याची कूस या दोन गोष्टी स्वतंत्र नोंदवा. दोन्ही उलट्या असतील तर तो आरशातला गर्भ. एकच उलटी असेल तर डाव्या-उजव्याची आज्ञा अवयवांपर्यंत सारखी पोचलेली नाही. पुढे माणसांच्या बाबतीत नेमका हाच फरक जिवावर बेततो.

आता गर्भाच्या बाजूने पाहू. गंमत अशी की त्याची अडचण तुमच्यासारखीच आहे. डोकं कुठे आणि पाठ कुठे हे आधी ठरल्याशिवाय डावं ठरवताच येत नाही. हे दोन अक्ष पक्के झाले तरी आरशातली दोन उत्तरं उरतात. त्यांतलं एक निवडायला स्वतःच डावखुरी किंवा उजवखुरी असलेली एखादी वस्तू लागते. ब्राउन आणि वोल्पर्ट यांनी १९९० मध्ये नेमकी हीच कल्पना मांडली: एक हस्तविशिष्ट रेणू असावा, तो डोकं-शेपूट आणि पाठ-पोट या अक्षांना धरून उभा राहिला की आपोआप डावीकडे बोट दाखवील.

उंदरात असा प्रकार खरोखर सापडला. गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला नोड नावाचा एक उथळ खड्डा असतो. त्यातल्या दोन-तीनशे पेशींवर प्रत्येकी एकच सिलियम (केसासारखा सूक्ष्म तंतू, अनेकवचन सिलिया) असतं, काही मायक्रोमीटर लांबीचं, आणि ते सेकंदाला साधारण दहा फेऱ्या मारतं. पोटाकडून पाहिलं तर सगळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. या सिलियमच्या आत नऊ जोडनळ्या असतात आणि त्यांच्यावरचे डायनीन या हालचाल घडवणाऱ्या प्रथिनाचे हात सगळे एकाच बाजूला वळलेले असतात. हस्तविशिष्टता येते ती इथून.

पण नुसतं गोल फिरून प्रवाह एका दिशेला जाणार नाही, भोवरा होईल. म्हणून दुसरी अट आहे: सिलियम सरळ उभं नसतं, शेपटीकडे कललेलं असतं. पेशीत त्याचा पाया मधोमध नसून शेपटीकडच्या कडेला सरकलेला असतो. त्यामुळे फेरीच्या एका अर्ध्यात, म्हणजे डोक्याकडच्या बाजूला, सिलियम ताठ उभं राहून गर्भाच्या डावीकडे जातं. दुसऱ्या अर्ध्यात ते पेशीच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून उजवीकडे परततं. इतक्या छोट्या आकाराला द्रव काकवीसारखा चिकट असतो. काकवीच्या भांड्यात तळाला घासून चमचा नेला तर ती फारशी हलत नाही, वरून नेला तर ओढली जाते. त्याच कारणाने परतीचा फटका वाया जातो आणि द्रव डावीकडे वाहतो. नोनाका, हिरोकावा आणि सहकाऱ्यांनी हा प्रवाह १९९८ मध्ये दाखवला. २००२ मध्ये नोनाका आणि हमादा यांच्या गटाने बाहेरून उलटा प्रवाह सोडून उंदराच्या गर्भांची बाजू पालटवली. प्रवाह हे कारण आहे, नुसती सोबत नाही, हे त्या प्रयोगाने पक्कं झालं. २०१२ मध्ये असंही दिसलं की फिरणारी दोनच सिलिया उरली तरी काम भागतं.

प्रवाह वाचतं कोण, यावर बरीच वर्षं दोन गट होते. एक म्हणे प्रवाहातून रेणू वाहून जातात, दुसरा म्हणे खड्ड्याच्या कडेची न हलणारी सिलिया प्रवाहाने वाकतात आणि तेच संदेश देतात. २०२३ च्या सुरुवातीला उंदीर आणि झेब्राफिश या दोन्हींत न हलणारी सिलिया यांत्रिक ताण ओळखतात हे थेट दाखवलं गेलं, आणि पारडं दुसऱ्या गटाकडे झुकलं. ताण बसला की पीकेडी२ या वाहिनीतून कॅल्शियमचा संदेश जातो आणि डाव्या कडेला सर्ल२ नावाच्या अडथळ्याचा संदेश-आरएनए नष्ट होतो. अडथळा हटला की नोडल हे प्रथिन डावीकडे मोकळं होतं.

इथे आपल्याकडच्या नोट्समध्ये मोठा घोळ असतो. मुलांना गर्भ दाखवतात कोंबडीचा आणि कारण शिकवतात उंदराचं. कोंबडीच्या हेन्सनच्या नोडपाशी (उंदराच्या नोडच्या जागी कोंबडीत असतो तो) हा डावीकडचा प्रवाह नसतोच, डुकरातही नसतो. कोंबडीत ४ थ्या ते ५ व्या अवस्थेत, म्हणजे साधारण १८ ते २२ तासांत, नोडभोवतीच्या पेशीच काही तास डावीकडे सरकतात. ग्रॉस, टॅबिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे दाखवलं. या सरकण्यामुळे सॉनिक हेजहॉग हे संदेश देणारं प्रथिन तयार करणाऱ्या पेशी डावीकडे जातात आणि एफजीएफ८ हे दुसरं तसंच प्रथिन तयार करणाऱ्या उजवीकडे राहतात. मायोसिन या पेशींना आकुंचित करणाऱ्या प्रथिनाची ओढ औषधाने थांबवली की हे सरकणं थांबतं आणि जनुकांची बाजूही बिघडते. पेशींना डावीकडेच का ओढ लागते, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. गोगलगायीची वाट आणखी वेगळी. तिथे आठ पेशींच्या अवस्थेतच पीळ ठरतो, आणि कुरोदा यांनी २००९ मध्ये काचेच्या बारीक दांड्यांनी पेशी उलट्या ढकलून शंखाचा पीळ पालटवला.

सुरुवात वेगळी असली तरी पुढची साखळी कोंबडी, उंदीर आणि माणूस यांच्यात बरीच सारखी आहे. नोडलचा संदेश डाव्या पार्श्व मध्यस्तरात (गर्भाच्या कडेच्या मधल्या पेशीथरात) पोचतो आणि स्वतःचंच उत्पादन वाढवतो. सोबत तो लेफ्टी हे आपलंच विरोधी प्रथिनही तयार करवतो. लेफ्टी मध्यरेषेवर बांध घालतं आणि संदेश उजवीकडे जाऊ देत नाही. नोडल काही तासांत विझतं, पण त्याने डावीकडे चालू केलेलं पिट्क्स२ हे जनुक पुढे अवयव घडतानाही चालू राहतं. टॅबिन यांच्या प्रयोगशाळेत १९९५ मध्ये नोडच्या उजव्या बाजूला सॉनिक हेजहॉगचा स्रोत ठेवला, तेव्हा नोडल दोन्हीकडे उमटलं आणि हृदयाचं वळण नशिबावर गेलं.

‘नशिबावर’ हा मुद्दा विद्यार्थ्यांकडून हटकून सुटतो. प्रवाह बंद पडला म्हणजे गर्भ उलटा होतो असं नाही. एकाचं दोन करणारी आणि दुसऱ्या बाजूला दाबणारी ही साखळी कोणती तरी एक बाजू निवडतेच. प्रवाह फक्त कौल देतो. कौल नसेल तर निम्मे सरळ, निम्मे उलटे. आयव्ही या नावाच्या उंदराच्या वाणात हेच दिसतं. त्याचं डायनीनच बिघडलेलं आहे, हे १९९७ मध्ये कळलं. इन्व्ह वाणात मात्र जवळजवळ सगळेच उलटे निघतात, तो वेगळा दोष.

माणसात हे सगळं गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात होतं, बहुतेकदा आईला दिवस गेल्याची खात्री होण्याआधीच. साधारण दहा हजारांत एका माणसाचे सगळे अवयव आरशातले असतात. असा माणूस बहुधा ठणठणीत असतो, फक्त त्याचं अपेंडिक्स डाव्या बाजूला दुखतं. १९३३ मध्ये कार्टागेनर यांनी उलटे अवयव, सायनसचा जुनाट आजार आणि फुप्फुसातल्या रुंदावलेल्या श्वासनलिका हे त्रिकूट एकत्र नोंदवलं. १९७६ मध्ये आफ्झेलियस यांनी त्याचं कारण सिलियाच्या डायनीनमध्ये दाखवलं. श्वासनलिकेतली सिलिया कफ बाहेर काढत नाहीत, शुक्राणूची शेपटी हलत नाही आणि नोडमध्ये प्रवाह नसतो. या आजाराच्या निम्म्याच रुग्णांत अवयव उलटे का असतात, ते वर आलंच. आणि एक बारकावा: नोडच्या सिलियात मधली नळ्यांची जोडी नसते. म्हणून मधल्या जोडीच्या किंवा तिला धरणाऱ्या आऱ्यांच्या जनुकातल्या दोषाने खोकला होतो, अवयव मात्र सरळ राहतात. अवयव सरळ आहेत म्हणून सिलियाचा आजार नाही, असं म्हणू नये.

काही अवयव इकडे, काही तिकडे, अशी सरमिसळ झाली तर ते गंभीर. हृदयाचे गुंतागुंतीचे दोष यातच जास्त येतात. दोन्ही बाजू उजव्यासारख्या घडल्या तर प्लीहा बहुधा नसते, डाव्यासारख्या घडल्या तर अनेक छोट्या प्लीहा असतात. प्लीहा नसलेल्या बाळाला जंतुसंसर्ग झपाट्याने मारू शकतो. रक्ताच्या काचेवर तांबड्या पेशींत हॉवेल-जॉली कण दिसले तर शंका घ्यायची, आणि लसी व प्रतिजैविकाचं संरक्षण वेळेवर सुरू करायचं.

तपासणीतही तुमच्या वर्गासारखीच फसगत होते. एक्स-रेवर खुणेचं अक्षर नसेल तर फिल्म उलटी लावून सरळ माणसाचं हृदय उजवीकडे दाखवता येतं. ईसीजीमध्ये हातांच्या तारा अदलाबदल झाल्या तर पहिली लीड उलटते आणि उजवीकडच्या हृदयाचा भास होतो. अशा वेळी छातीच्या लीड बघायच्या: व्ही१ ते व्ही६ मध्ये आर लाट नेहमीसारखी चढत गेली असेल तर चूक तारांची आहे, चढण्याऐवजी खुजी होत गेली असेल तर हृदय खरंच उजवीकडे आहे. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत आधी गर्भाचं डोकं आणि पाठीचा कणा कुठे हे ठरवूनच त्याची डावी बाजू काढतात, मग जठर आणि हृदयाचं टोक दोन्ही तिथे आहेत का ते पाहतात. प्रोब उलटा धरला की हा हिशेब कोलमडतो.

सोलापूर आणि पलीकडच्या कर्नाटकात मामाशी किंवा मामाच्या मुलाशी लग्न अजून होतं, म्हणून हेही लिहायला हवं. सिलियाचा हा आजार बहुतेक वेळा आई-बाप दोघांकडून सदोष प्रत आली तरच होतो. मामा-भाचीच्या मुलात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता आठात एक असते, मामे-आते भावंडांच्या मुलात सोळात एक. घरात जन्मापासून ओला खोकला आणि बारमाही सर्दी असलेलं मूल असेल, त्यातून हृदय उजवीकडे असेल, तर कान-नाक-घसा आणि छातीच्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. एकेकटी सांगितली की दोन्ही निसटतात. गर्भधारणेआधीपासूनचा आईचा अनियंत्रित मधुमेहही सरमिसळीचा धोका वाढवतो.

गर्भ फोडायला वेळ किंवा अंडी नसतील तर डावं-उजवं चिकनच्या दुकानातही शिकवता येतं. अंड्यांवरून उतरलेली लेअर कोंबडी मागा, ब्रॉयलर नको, ती वयात आलेलीच नसते. पोट उघडून पाठीच्या कण्याशी पाहा: लहानमोठ्या पिवळ्या अंड्यांचा घोस फक्त डावीकडे असतो आणि अंडनलिकाही एकच, डावीच. उजवा अंडाशय गर्भातच खुरटतो, आणि डावा वाढवण्यात पिट्क्स२ चाच हात असतो. यकृताचा मोठा खंड उजवीकडे असतो, पेटी (दाणे दळणारं जठर) डावीकडे झुकलेली असते. मात्र दुकानदाराला आतडी ओढून काढू देऊ नका. सगळं जागेवर असतानाच, कोंबडी उताणी ठेवून डोकं कुठे ते आधी मुलांकडून वदवून घ्या आणि मगच डावी बाजू विचारा.